अंघोळीची गाडी

(कान्ह्याजवळचं रेल्वे फाटक, फाटकवाल्याची खोली. आषाढातली दुपार, सन १९३४.)

महिपती : पन मावशी, तुमीच सांगावा धाडलातासा ना, सून आता उठतीया म्हनून? आंदर मावळातनं चार कोस तुडवत आलो, तर माझी भन दुपारच्याला पारोशी बसलेली.

बयाबाई : कालपातुर उठत व्हती रं. म्हैनाभर उठत व्हती.

महिपती : शिमग्यापासनं ऐकतोय. कुनी मेलं न्हाई, तुमचा गेनू बायकूवर हात उगारत न्हाई, घरात खायला हाय. मग हिनं भिंतीकडं तोंड करून तीन म्हैने काढलं ते कशापायी?

बयाबाई : ते तिलाच कळंना, मला काय सांगंल? म्या म्हनलं, कारन ऱ्हाऊ दे, एकेक काम धरू. घड्याळ न्हाई, म्हनून गाडीवर बांधलं. पुन्याकडनं पहिली गाडी गेली की अंघोळ. मालगाडी गेली की शेळीची धार. मेल गेली की भाकरी.

महिपती : मग आज काय झालं?

बयाबाई : घाटात दरड आलीया. सकाळधरनं एक गाडी न्हाई. गेनू तिकडंच गेलाय माती उपसाया.

महिपती : म्हंजी गाडी न्हाई, म्हनून अंघोळ न्हाई?

मुक्ता : व्हय दादा.

महिपती : अगं, ऊठ नि दोन तांबे घे अंगावर. त्याला गाडी कशाला लागती?

मुक्ता : मीबी मनात त्येच म्हनतीय. पाय ऐकत न्हाईत.

बयाबाई : म्या धा येळा सांगितलं.

मुक्ता : आत्याबाई, तुमी सांगता तवा तुमचा जीव तुटताना दिसतो मला. मग जास्तीच रडू येतं. गाडीला माझं काय बी ठावं न्हाई. ती आपली येती नि जाती. मग मी उठते.

महिपती : मला तर काय बी उमगंना. आईनं बजावलंय, निजून असली तर घेऊन ये. गावात देवरुषी हाय.

मुक्ता : मला न्हाई यायचं. तितं गाडी न्हाई.

महिपती : हितं तरी कुटं हाय?

बयाबाई : माझंच चुकलं. कोंबड्यावर बांधायचं व्हतं.

मुक्ता : आपला कोंबडा कवाबी आरवतो, आत्याबाई.

बयाबाई : थांबा. रूळ वाजतोय. महिपती, बघ जरा भाईर.

महिपती : गाडी न्हाई, मावशी. ढकलगाडी हाय. सायब बसलाय नि दोघं खलाशी मागनं ढकलत्यात.

मुक्ता : घाटाकडं चाललीय?

महिपती : व्हय. दरड बघाया चालला आसंल.

मुक्ता : आत्याबाई, ही धरायची का?

बयाबाई : धर की. चाकं रुळावरच हायेत.

मुक्ता : पन कुटली धरू? येळ तर मेलची झाली. भाकरीची.

महिपती : आता हे काय नवीन?

बयाबाई : तू गप ऱ्हा. मुक्ता, आज हिच्या आदी कुटली गेली का?

मुक्ता : न्हाई.

बयाबाई : मग हीच पहिली.

मुक्ता : मग अंघोळीची. दादा, तू जरा भाईर बस. चुलीवर पानी ठेवते.

महिपती : मावशी, मी आईला जाऊन काय सांगू?

बयाबाई : सांग, अंघोळ करतीया.