परग्रहावर पाचव्या दिवशी पाणी

तुमी हसाल, पण मी एक अख्खी वस्ती वाचवलीय, आणि तीसुद्धा परग्रहावरची!

माझा धाकटा भाऊ सिद्धू पुण्यात नोकरीला आहे. भाऊबीजेला सोलापूरला आला, ओवाळून घेतलं आणि लगेच टीव्हीला गेम लावून बसला. परग्रहावर वस्ती वसवायची, वाट्टेल तिकडं हिंडायचं. आकाशात दोन चंद्र, लई देखणं काम! पण तिथली माणसं अगदी मठ्ठ. काहीबी विचारा, तेच एक वाक्य बोलणार.

वस्ती तिसऱ्यांदा तहानेनं मेली, तसा सिद्धू चिडला. "अक्का, गेम भारी हाय, पण पाण्याचं गणितच चुकलंय. पाचव्या दिवशी येतंय, ते पण कधी येईल सांगत न्हाईत. असं कुटं असतंय का?"

मी म्हटलं, "पुण्याला जाऊन सोलापूरचा नळ विसरलास व्हय रे? आण तो रिमोट हिकडं."

त्यानं दरवेळी आधी बंदुका घेतल्या होत्या. मी बंदुका विकून टाक्या घेतल्या. एक माणूस नळापाशीच बसवला. पाणी सुटल्यावर आधी प्यायचं भरलं, मग वापरायचं, आणि शेवटी यानातली रिकामी पिंपंसुद्धा सोडली न्हाईत.

पुढचं पाणी आलं थेट आठव्या दिवशी. सिद्धूनं डोळे मिटून घेतले. पण वस्तीतलं एकबी माणूस दगावलं न्हाय!

सिद्धूनं हे कळवल्यावर त्याच्या पुण्याच्या मित्रांनी मला फोनवर विचारलं, "ताई, ही युक्ती कुठल्या व्हिडिओत बघितली?"

म्हटलं, "व्हिडिओ कसला? लग्न झाल्यापासून हाच गेम खेळतेय की मी, आणि अजून एकदाबी हरले न्हाय."