डावीकडची दलदल

बायको : डावीकडे. अहो, डावीकडे म्हटलं ना! पवनचक्की दिसली की डावीकडे घ्या घोडा.

नवरा : डावीकडे दलदल आहे. मागच्या वेळी घोडा पोटापर्यंत रुतला होता.

बायको : मागच्या वेळी तुम्ही पवनचक्कीच्या अलीकडून वळलात. मी पलीकडून म्हणाले होते. पलीकडे दलदल नाहीये.

मेहुणा : ताई, वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये.

नवरा : ती पाटी बसमध्येच राहिली, मेहुणे. निवृत्त होताना घोड्याला लावायला दिली नाही कुणी.

मेहुणा : बरं, घोडा जरा बाजूला उभा करा आणि बातमी ऐका. टीव्हीवरच्या तुमच्या या खेळाचा पुढचा भाग येतोय, पुढच्या महिन्यात. नकाशा आत्ताच्या चौपट. आणि खाली लिहिलंय, नव्या नकाशाकडून तुमच्या काय अपेक्षा आहेत ते आम्हाला कळवा. सांगा तुम्ही, मी टाइप करतो.

नवरा : फोन एवढा लांब का धरलाय?

मेहुणा : अक्षर बारीक आहे.

बायको : चष्म्याचं दुकान टाकलंय यानं, आणि स्वतःचा नंबर काढायला वेळ नाही.

मेहुणा : वेळ आहे गं. विश्वास नाही. अपेक्षा सांगा.

बायको : हे बघ, चौपट कापड घेतलं म्हणून झगा चौपट चांगला होत नाही. शिवण बघावी लागते. याच खेळात बघ ना. किल्ल्यामागची नदी चढावर वाहते. कुणीतरी कापड उलटं लावलंय आणि नंतर उसवायचा कंटाळा केलाय.

मेहुणा : ‘नद्या उताराकडे वाहाव्यात.’ झालं. माफक अपेक्षा आहे. भावोजी, तुमची?

नवरा : रस्ता कुठून तरी यावा आणि कुठेतरी जावा. इथे एक झकास फरसबंदी रस्ता आहे. दोन्ही बाजूंना झाडं, मधे मधे बसायला बाक. आणि शेवटी काय? कडा. कोण जात होतं हो त्या रस्त्यानं? कशाला जात होतं?

बायको : तुम्ही गेलात ना, कळलं नाही?

नवरा : गेलो. आलो नाही. घोडाही आला नाही.

मेहुणा : तुम्हाला तर आवडायला हवा होता. शेवटचा थांबा.

नवरा : शेवटच्या थांब्याला गाडी वळवायला जागा असते. तेही लिहा.

बायको : आणि गावं लांब लांब हवीत. इथे एका गावात कुणी शिंकलं की पुढच्या गावात दारं लावून घेतात. चालता चालता कंटाळा यावा. पुरता यावा. मग आणखी थोडं चालल्यावर लांब कुठेतरी धुराडं दिसावं. त्या धुराड्याची गंमत असते.

मेहुणा : ‘कंटाळा पुरता आल्यावर धुराडं.’ कंपनीवाले हे वाचून नोकऱ्या सोडणार.

बायको : आणि घरांना आत काहीतरी असू दे. सगळी दारं नुसती रंगवलेली! त्या दिवशी एका खिडकीत दिवा दिसला, तर आम्ही किती वेळ दार वाजवत बसलो.

नवरा : शेवटी मीच म्हटलं, झोपले असतील.

मेहुणा : धन्य आहे. ताई, मघापासून विचारायचं राहिलंय. कटिंगच्या टेबलावर हे काय पसरलंयस? कुणाचा कोट आहे का?

बायको : नकाशा आहे.

मेहुणा : अगं, खेळात असतो नकाशा. तो काय, खाली कोपऱ्यात.

बायको : तो होय? बटणाएवढा. आणि आपण वळलो की तोही वळतो. ज्याला स्वतःचं डोकं वर कुठे ते ठाऊक नाही, त्याच्या भरवशावर मी घराबाहेर पडत नाही. हा मी खाकी कागदावर काढलाय. आधी खडूनं, मग खात्री पटली की पेन्सिलीनं.

मेहुणा : ‘मोठ्या जाऊबाईंची खिंड’?

बायको : आत शिरलं की लवकर सुटका नाही.

मेहुणा : ‘आत्याबाईंचं नाक’?

नवरा : आमची आत्या. तो डोंगर बघा एकदा, मग पुढे बोला.

मेहुणा : आणि हा खड्डा? ‘धाकटा’? ताई, हा मी?

बायको : वरून उथळ दिसतो. पाय टाकला की दुपार जाते.

मेहुणा : असू दे, असू दे. आता तुझी ही सगळी मेहनत वाचणार आहे. ऐक. ‘नव्या खेळात जिथे जायचं आहे तिथे बोट ठेवा. जमिनीवर सोनेरी रेघ उमटेल आणि तुम्हाला दारापर्यंत नेऊन सोडेल. यापुढे कुणीही वाट चुकणार नाही.’

बायको : कुणीही?

मेहुणा : कुणीही. असंच लिहिलंय. भावोजीसुद्धा.

(बायको टेबलावरचा नकाशा उलटा करून बघते.)

बायको : चला. बरं झालं.

नवरा : काय बरं झालं?

बायको : पडदे शिवायचे राहिलेत माझे. कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाई जाता-येता विचारतात, त्यांचा कोटही कापायचाय. दुपार मोकळी मिळेल.

नवरा : अगं, अजून महिना आहे.

बायको : महिन्यानं काय आणि आजपासून काय. कात्री कुठे गेली?

नवरा : कात्री कशाला?

बायको : कागद चांगला आहे अजून. मागच्या बाजूनं कोराच आहे. कोटाची पाठ निघेल यात. किल्ल्यापासून पवनचक्कीपर्यंत पाठ, आणि खिंडीतून एक बाही.

नवरा : अगं ए! थांब! मेहुणे, धरा तिला, तिकडे सगळं जंगल आहे!

बायको : तुम्ही चालवा. थांबलात कशाला? सरळ जा.

नवरा : सरळ विहीर आहे.

बायको : मग रेघ येईपर्यंत बसा विहिरीत.

नवरा : मेहुणे, लिहा. ठळक अक्षरात लिहा. रेघ बंद करायची सोय पाहिजे.

मेहुणा : ती असतेच हो.

नवरा : तरी लिहा.

मेहुणा : असतेच म्हणतोय ना. याही खेळात आहे.

बायको : काय आहे याही खेळात?

मेहुणा : रेघ. यात सोनेरी नाही, निळी आहे.

नवरा : मेहुणे, चहा घेणार?

मेहुणा : आत्ताच झाला की.

नवरा : मग परत घ्या. स्वयंपाकघरात जाऊन घ्या.

बायको : कुठली निळी रेघ? मी तर इतक्या दिवसांत एकदाही बघितली नाही.

मेहुणा : द्या तो रिमोट इकडे, भावोजी. घट्ट काय धरताय, द्या. हे बघ ताई. इथे आत शिरायचं. ‘वाट दाखवायची का?’ आणि पुढे काय लिहिलंय? ‘नाही’.

बायको : आपोआप लिहिलंय?

मेहुणा : छे. खेळ पहिल्यांदा लावला की तोच विचारतो. उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊच देत नाही. तुम्हा दोघांपैकी कुणीतरी ‘नाही’ म्हटलेलं असणार.

बायको : मी तेव्हा आत मशीनवर बसले होते. यांनी हाक मारली. ‘अगं, वाट सापडत नाहीये, जरा येऊन बघतेस का?’ म्हणून मी उठून आले.

नवरा : सापडत नव्हतीच.

बायको : नको म्हणून सांगितल्यावर कशी सापडेल! म्हणजे ती दलदल...

नवरा : हो.

बायको : जाऊबाईंच्या खिंडीत आठवडाभर गोल गोल फिरलो, ते?

नवरा : तेही.

बायको : आणि उजवं की डावं यावरून दोन दिवस अबोला धरला होता आपण!

नवरा : दीड. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तूच विचारलंस, घोड्यानं काही खाल्लं का म्हणून.

मेहुणा : मी निघू का?

बायको : बस तिथे. अहो, का पण?

नवरा : मेहुणे, नदीचं टाइप झालं का?

बायको : त्याच्याकडे बघू नका. माझ्याकडे बघा. का?

नवरा : का म्हणजे... नोकरीभर डोक्यामागे ती पाटी. चालकाशी बोलू नये. आणि लोकांनी पाळली हो, अगदी मनापासून पाळली! एरवी तिकीट काढणार नाहीत, बसमध्ये थुंकू नका म्हटलं तर थुंकतील, पण ही एकच सूचना पाळली. खच्चून भरलेली बस, आणि मी आपला काचेतून बघत एकटा. घरी यावं, तर तुझं मशीन चालू. तेही वाहनच. तिथेही बोलायची चोरी, शिवण वाकडी जायची. मग या खेळानं विचारलं, रेघ हवी का.

बायको : मग?

नवरा : मग काय. रेघ बरोबर नेऊन सोडते म्हणे. पण तिच्याशी भांडता येत नाही.

मेहुणा : हे टाइप करू?

बायको : काही नको. नद्यांचं आणि धुराड्याचं तेवढं कर.

मेहुणा : आणि नव्या रेघेचं काय लिहू? काढून टाका?

बायको : असू दे. कुणी एकटं खेळत असेल, त्याला लागेल. फक्त लिही, उमटायच्या आधी विचारत जा. या खेळानं विचारलं तसं.

मेहुणा : बरं. ती कात्री मात्र आधी खाली ठेव.

बायको : ठेवली. आणि तू कपाटावरची ती खाकी कागदाची गुंडाळी काढ. चौपट म्हणालास ना? जोड द्यावा लागेल. शिवण चुलतसासूबाईंच्या वाळवंटातून गेली तर दिसणार नाही.

मेहुणा : अगं, खेळ यायचाय अजून! त्यात वाळवंट आहे की नाही तेही कुणाला ठाऊक नाही.

बायको : चुलतसासूबाई आहेत ना. वाळवंट निघेल.

नवरा : आता मी कुठे जाऊ ते सांगेल का कुणी? विहिरीपाशी उभा आहे मघापासून.

बायको : मागे फिरा. पवनचक्कीपाशी चला. तिथून डावीकडे.

नवरा : अगं, डावीकडे दलदल आहे.

बायको : माहीत आहे मला. चला.