मांडवातली पहिली ओळ

माझं माहेर राहनाळचं. आता तिथं जिकडं तिकडं गोडाऊन, पण मी जन्मले तेव्हा भाताची खाचरं होती आणि खाडीचं पाणी कधी बांधापर्यंत यायचं. आमच्या घरात गाणारं कोणी न्हाय. आईचा गळा असा की ती गायला लागली की म्हैस दूध चोरायची. गाणं मला सासूने दिलं, काल्हेरला, लग्न होऊन आल्यावर. सासू धवलारीण होती. तुम्ही शहरातल्या, तुम्हाला सांगायला पाहिजे, आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी असो नसो, धवलारीण लागते, मांडवापासून हळद उतरेपर्यंत एकेका कामाचा एकेक धवला, ती गाते तसं लगीन पुढं सरकतं, ती पाणी प्यायला थांबली की नवरदेवसुद्धा थांबतो.

त्यात एक रीत हाय. पहिली ओळ एकीने टाकायची, दुसरी ओळ बाकीच्यांनी झेलायची. पहिली ओळ टाकणारीला पाट, तिला पहिला विडा, लग्नाची तारीख ठरवतानाही लोक तिला विचारणार. सासूचा आवाज बसला तेव्हा तिने चार बायांसमोर सांगितलं, आता पहिली ओळ थोरलीची. थोरली म्हणजे मी. बस, मला आयुष्यात तेवढंच मिळालं, दागिना म्हणा, जमीन म्हणा, तेवढंच.

आणि धाकटी म्हणजे कुंदा, माझी जाऊ. भिवंडीची, कामतघरची. तिच्या बापाच्या खोल्या होत्या लूमवाल्यांना भाड्याने दिलेल्या, त्यात बिहारची चार बिऱ्हाडं, त्यांच्या बायांच्या मांडीवर ही वाढली. भोजपुरी अशी बोलायची की भय्या पण फसावा. आवाज बारीक, कानाजवळच्या डासाचा. मांडवात तिसऱ्या रांगेपर्यंत पोचायचा न्हाय. मी पहिली ओळ टाकायची, ती माझ्या मागं बसून झेलायची, आणि बरं चाललं होतं.

मग दोन हजार सालाच्या पुढं ते व्हीसीडीचं खूळ आलं. हळदीची गाणी बनवून विकायची. भिवंडीचा एक कॅसेटवाला घरी आला, धवलारीण कुठाय म्हणाला. मला नेलं, बरं का, आधी मला नेलं. खोलीला गादी लावलेली भिंतींना, कानाला ते डबडं लावलं आणि म्हणतो मावशी, जरा हळू, माईक फाटतोय. आता काय सांगू तुम्हाला, मी हळू गाऊ कशी, मला चार आळ्यांपलीकडं ऐकवायची सवय. तीन वेळा हळू म्हणाला, चौथ्यांदा कुंदाला म्हणाला, ताई, तुम्ही बघा बरं. ती सोबतीला आलेली, माझी पिशवी धरून. तिने पिशवी खाली ठेवली आणि गायली. तो डासाचा आवाज त्या डबड्यात असा गोड लागला की मलाच ऐकवेना.

एक व्हीसीडी निघाली, मग दुसरी. मग कॅसेटवाल्याला कळलं की हिला भोजपुरी येते. लूमवर एवढी माणसं, शिफ्ट सुटली की काय ऐकणार, गावाकडचं गाणं. मग तिकडची पण व्हीसीडी. आमच्याकडं नऊवारी नेसून कुंदा काल्हेरकर, तिकडं घागरा घालून कुमारी चांदनी. दोन पोरांची आई, कुमारी. मी दिराला म्हटलं, तुझी बायको कुमारी झाली, तुझं काय झालं रे. तो गाडी पुसत होता, हसला नुसता, कारण गाडी तिच्याच पैशाची. आगऱ्यांची हळद संपली की छठ, छठ संपली की होळी, वर्षभर बाई स्टेजवर. पण एक सांगते, तिने तिकडं कमी आणि इकडं जास्त असं कधी न्हाय केलं. तिकडच्या बाया तिला आपली लेक समजायच्या, इकडच्या आपली सून. मला याचाच राग. माणसाने एका ठिकाणचं असावं ना.

मी जळायचे. लपवून काय करू, सगळ्या काल्हेरला ठाऊक होतं. बाजारात लोक माझी ओळख करून द्यायचे, ही कुंदाची जाऊ. धवलारीण कोणी म्हणेना. हळदीला डीजे आले, लोक म्हणायला लागले, धवला उरकून टाका. कॅसेटवाला दोनदा आला, मावशी, कोरसमध्ये गा. मी म्हटलं तिच्या मागं मी गाणार न्हाय, मेले तरी न्हाय. मांडवात अजून पहिली ओळ माझी होती, तेवढं मी सोडणार नव्हते.

आणि माझ्याच प्रीतीचं लग्न ठरलं, अंजूरला. मुलीच्या आईला शंभर कामं, ती पाटावर बसून गाणार कशी. प्रीती म्हणाली, काकी गाईल. मी म्हटलं राहनाळहून दुसरी धवलारीण आणते. तर पोरगी म्हणते, आई, तुझ्या भांडणात माझं लगीन नको घालू. मग मीच कुंदाला सांगून आले.

कुंदा धवले नीट गायली, खोटं कशाला बोलू. पण लगीन लागलं, व्याह्यांची पंगत बसली, आणि ही बया माईक घेऊन उभी राहिली. बिहारकडं म्हणे रीत हाय, व्याही जेवायला बसला की मुलीकडच्या बाया त्याला गाण्यातून शिव्या घालतात, गारी म्हणतात, न्हाय घातल्या तर व्याहीच रुसतो. हिने ती रीत उचलली आणि आमच्या चालीत, आमच्या भाषेत घातली.

व्याह्याच्या मिशीत अडकलाय बोंबील गं, बोंबील.

पंगत गार. आमचे व्याही पहिल्या पानावर, पूर्वी सरपंच होते, मिशी ही एवढी. आमच्यात खुर्ची मागं मिळाली म्हणून सोयरिकी मोडल्यात, आणि हिने भर पंगतीत मिशीला हात घातला. तिच्यामागं झेलणाऱ्या पोरींनी माना खाली घातल्या, दुसरी ओळ कोणी झेलेना. व्याह्यांनी हात थाळीतून बाहेर काढला. माझ्या मनात काय आलं सांगू का, पहिल्यांदा आलं ते हेच, मेली आज पडली तोंडावर. लय बरं वाटलं, क्षणभर. मग व्याह्यांच्या बाजूला माझा जावई दिसला, डोळे ताटावर, आणि पलीकडं प्रीती, हळदीच्या तोंडाने माझ्याकडं बघत.

कुंदाने माईक खाली केला आणि मला हळूच म्हणाली, बाई, धर.

आता बघा, एकटी बाई गायली तर तो अपमान. तेच सगळ्यांनी मिळून झेललं तर तो खेळ. हे मला कळत होतं, पोरींना कळत नव्हतं, आणि वेळ नव्हता. माझ्या हातात वाढायची परात तशीच, मी तिथूनच झेलली, मांडव फाटेल अशा आवाजात,

विहीण ओढते, कवा तो निघील गं, निघील.

मग पोरी सुटल्या, मग सगळ्या बाया. व्याही उभे राहिले. मिशीवरून हात फिरवला आणि बायकोकडं वळून म्हणाले, ओढ की मग, बघत काय बसलीस. पंगत जी हसली ती थांबेना. शेवटच्या पानावरचे म्हातारे बोंबलायला लागले, आमच्यावर पण म्हणा, आम्ही काय नवऱ्याचे कोणी न्हाय का. प्रत्येकावर एकेक ओळ झाली. कुंदाने टाकायची, मी झेलायची. परात कोणीतरी हातातून काढून घेतली ते पण मला कळलं न्हाय.

पोरीचं लगीन वाचलं. आणि माझी पहिली ओळ तिथंच गेली. पुढच्या लग्नाला आमंत्रण आलं ते असं, कुंदाताई, आणि त्या झेलणाऱ्या मावशींना पण आणा.

ते गाणं व्हीसीडीवर आलं, दोन्ही भाषांत. मला दाराजवळ उभी केली, माईकपासून लांब, म्हणजे फाटायचा न्हाय. भोजपुरीत मी काय गाते ते मला अर्धं समजत न्हाय, कुंदा एकेक शब्द घोटून घेते, मी चुकले की म्हणते बाई, परत. माझ्यावर आवाज चढवत न्हाय, त्याचाच जास्त राग येतो. व्हीसीडीच्या डबीवर तिचा फोटो, घागऱ्यातला. खाली बारीक अक्षरात, आणि साथी. परवा अंजूरची विहीण कौतुकाने म्हणाली, व्हीनबाई, तुमच्याशिवाय ते गाणं उभं राहायचं न्हाय. मी म्हटलं, खांबाशिवाय मांडव पण न्हाय, पण खांबाला कोण विडा देतं.

प्रीतीला मुलगा झालाय. कुंदा पुढच्या महिन्यात बिहारला चाललीय, तिकडच्या मोठ्या स्टेजवर, मला पण चल म्हणते. जाईन बहुतेक. तिच्या गळ्याला देव आयुष्य देवो, शंभर वर्षं गावं तिने, दोन्हीकडं गावं. माझी जळजळ काय, ती हाय तशी राहू दे, या वयात तिला कुठं घालवू.