टाकी बघून येतो

— आवं बसा की, उठताय कुठं? दारावरची पाटी वाचली म्हनून उठायचं व्हय? पाटी हाय, मी कुठं न्हाई म्हनतोय. 'विडी-सिगारेट ओढणाऱ्यास रूम मिळणार नाही.' ती आमच्या गोजाबाईनं लावलीय, पेंटरला घरी बोलवून, शेजारी उभं ऱ्हाऊन रंगवून घेतली. महाळुंग्यात येवढ्या रूमा हायत्या भाड्यानं द्यायच्या, पन असली पाटी आमच्याच दारावर. तर तुमी म्हनलात, तुमी वढत न्हाई. बरं. अजिबात न्हाई? कधीमधी बी न्हाई? कॉलेजात असताना, मित्रानं दिली म्हनून, येखादी? न्हाई. नाइट शिफ्टला झोप येती म्हनून? ती बी न्हाई. बरं, बरं. चांगलंय. लई चांगलंय. — आवं न्हाई, मी कशाला नाराज व्हईन? निर्व्यसनी भाडेकरू मिळाला तर आनंदच हाय की. च्या घेनार का? च्या बी न्हाई? मंग राव, करता तरी काय तुमी?

न्हाई, मी आपलं सहज विचारलं. मोटर चालू केलीय, टाकी भरायला अर्धा तास लागतो, तवर बसा. गोजाबाई मागं धुनं धुतीय, ती आली की रूम दाखवील. मी? मी सोडली. आज एक्केचाळीस दिवस झाले. मी मोजत न्हाई, मोबाईल मोजतो. आमचा रविराज, थोरला मुलगा, वाकडला फ्लॅटात असतो, काम्प्युटरवर काम — त्यानं मोबाईलात कायतरी घालून दिलंय. सकाळी सातला टिंग करतं आन् लिहून येतं, 'अभिनंदन, आता तुम्हाला अन्नाची चव चांगली कळू लागली असेल.' कळाली की. चव कळाली तवा हे बी कळालं, की गोजाबाई चाळीस वर्षं आमटीत मीठ जास्त टाकती. आता ह्या वयात ते कळून काय उपेग? चाळीस वर्षं सुखात जेवलो, ते त्या सिगारेटीमुळंच म्हनायचं.

तलफ? येती की. न यायला काय झालं. ती समोर निळी शेड दिसती का — ती आमची वावरं. हरभरा असा यायचा तितं, की बघत ऱ्हावं. कंपनी आली, वावर गेलं आन् भोंगा आला. साडेतीनला पहिली शिफ्ट सुटती, त्याचा भोंगा. मी कंपनीत येक दिस बी काम केलेलं न्हाई, पन वीस वर्षं त्या भोंग्यावर माझी सिगारेट पेटायची. पोरं गेटाबाहेर येऊन टपरीवर शिलगावनार, मी हितं वट्यावर शिलगावनार. आता पाकीट न्हाई, पन भोंगा झाला की हात आपला खिशात जातोच. सुंभ जळाला तरी पीळ जात न्हाई म्हनत्यात, ते काय उगाच? खिशात बडीशेप असती. बडीशेप खाऊन खाऊन मी लग्नाच्या पंगतीतनं उठल्यावानी दिसतो दिवसभर. रविराजनं औषधाचं च्विंगम आनून दिलं, ते कवळीला चिकटलं, कवळीच निघाली त्याच्यासंगं. गोजाबाई म्हनली, हाताला काम ठेवा, शेंगा फोडा. दोन पोती फोडल्या. घरात कूट ठेवायला डबा उरला न्हाई. डॉक्टर म्हनला, तलफ आली की गिलासभर पानी प्या, धा मिंटं कळ काढा, तलफ आपसूक जाती. खरं हाय त्याचं. जाती. पन जाताना सांगून जाती, की येते परत म्हनून.

कशापायी सोडली म्हंजी — सईपायी. सई म्हंजी नात, रविराजची पोरगी, सहा वर्षांची. तिला दम्याचा त्रास हाय. धूर, धूळ, कायबी चालत न्हाई. दर रविवारी हितं आनायचे तिला. येक दिवस रविराज म्हनला, 'अण्णा, एक तर पाकीट ठेवा, नाहीतर सई.' वरडला असता तर बरं झालं असतं, मी बी चार शब्द सुनावले असते. पन त्यो शांतपनी बोलला. मंग काय, खंडोबाच्या देवळात गेलो आन् बेलभंडारा उचलला. तुमच्याकडं उचलत्यात का? हातात बेलाचं पान, त्यावर भंडारा, आन् देवापुढं बोलायचं. बोललेलं मोडलं तर घराचं वाटोळं. आमच्यात बांधाच्या भांडनात उचलत्यात, जमिनीच्या वाटनीत उचलत्यात. सिगारेटीसाठी उचलनारा मी पयला, गुरव बी हसला. मी म्हनलं, देवा, आजपासून विडी-सिगारेट तोंडाला लावनार न्हाई. — तोंडाला. मी बोललो तेवढं ध्यानात ठेवा. नाकाचं मला खंडोबानं कायबी विचारलं न्हाई.

तेच सांगतोय. रूम वरच्या मजल्यावर हाय, दाराशीच गच्चीचा जिना. तुमच्याआधी धम्मपाल म्हनून पोरगा व्हता, नांदेडकडचा, हितंच कंपनीत क्वालिटीला. दोन वर्षं ऱ्हायला, कुनाला वर तोंड करून बोलला न्हाई. त्यो गच्चीवर सिगारेट वढायचा, पाटी तवा नव्हती. मी सोडल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी गेलो वर, टाकी भरली का बघायला. खरंच टाकी बघायला गेलो व्हतो, पयल्या दिवशी. त्यो दिसताच सिगारेट लपवाया लागला. मी म्हनलं, वढ बाबा, मला काय त्रास न्हाई. आन् उभा ऱ्हायलो. काय सांगू तुमाला, राव. धुराची येक रेघ आली नाकाशी, आन् डोळ्यांत पानीच आलं. न्हाई, धुरानं न्हाई. दुसऱ्या दिवशी गोजाबाईला म्हनलं, टाकी बघून येतो. तिसऱ्या दिवशी बी टाकी. गोजाबाई म्हनाया लागली, बया, कधी न्हाई ते घरात लक्ष घालाया लागले. त्या पोरानं आठवड्यात वळखलं सगळं. येक दिवस म्हनला, 'काका, तुम्ही इकडं थांबा, वारं इकडून यायलंय.' पोटचा पोरगा करनार न्हाई असलं. मी वाऱ्याच्या तोंडाला उभा ऱ्हायचो, त्यो हळूहळू वढायचा, आन् शेवटाला दोघं बी टाकीत डोकावून बघायचो, म्हंजी खोटं बोलल्यासारखं व्हायला नको.

आता? न्हाई, गेला त्यो. काळेवाडीला ऱ्हातो. कंपनीची बस बदलली त्याची. व्हतं असं शिफ्टवाल्यांचं.

तुमी म्हनाल, मानसानं धूर नुसता नाकानं घेतला तर काय बिघडलं? मी बी तेच म्हनत व्हतो. धा-बारा दिवस म्हनत व्हतो. त्या रविवारी सई आली व्हती. मी गच्चीवरून उतरलो, पायरीवरच गळ्यात पडली. सदऱ्याला नाक लावलं आन् म्हनली, 'आबा, तुमचा वास परत आला.' हसून म्हनली. जसं काय मीच कुठं परगावी गेलो व्हतो आन् आलो. मी बी हसलो, उचलून घेतलं, पार दिवेलागनीपतुर मांडीवर घेऊन बसलो, गोष्ट सांगितली. तिच्या छातीत घरघर सुरू झाली. पंप दिला, उतरंना. गाडी काढली, आकुर्डीला डॉक्टरकडं न्यायची म्हनून. सुनंला गाडीत काय सुचंना, म्हनली आबांकडं द्या, त्यांच्यापाशी गप ऱ्हाती. महाळुंग्यापासून आकुर्डीपतुर माझ्याच मांडीवर व्हती, राव. त्याच सदऱ्यावर डोकं ठेवून. कुनाच्या ध्यानात आलं न्हाई. माझ्या आलं, पन त्या टायमाला बोलायचं कसं? आन् न्हाई बोललो, मंग नंतर तर बोलताच येत न्हाई.

न्हाई, बरी हाय आता. देवाची कृपा. तीन रविवार झाले, आनली न्हाई तिला. परवा आनत्यात म्हनलेत. गोजाबाईनं पडदे धुवायला काढलेत त्यासाठीच.

रविराजनं विचारलं की मला. 'अण्णा, खरं सांगा, ओढलीत का?' मी म्हनलं, बेलभंडारा उचललाय, येक झुरका मारला असंल तर खंडोबा बघून घेईल. ह्यात येक अक्षर खोटं सापडतंय का बघा. सापडायचं न्हाई. मंग गच्चीवर थोटकं सापडली. धम्मपालला खाली बोलावलं. रविराज शिकलेला, पन त्या दिवशी त्याच्या जिभंला हाड ऱ्हायलं न्हाई. लेकराच्या जिवावर उठलास म्हनला त्याला. मी हितंच व्हतो, ह्या खुर्चीत, शेंगा फोडत. धम्मपालनं माझ्याकडं बघितलं. येकदाच. मला वाटलं, आता सांगतोय. सांगितलं असतं तर काय चुकलं असतं त्याचं? आन् म्हनला, 'चुकलं दादा.' दुसऱ्या दिवशी बॅग भरली, गोजाबाईच्या पाया पडला आन् गेला. त्याच आठवड्यात पाटी लागली. — काय? बस बदलली म्हनलो व्हय मी मघाशी? म्हनलो असंन. बदलली बी असंल की. काळेवाडीवरून बस दुसरीच असती.

जाऊ द्या. कशाला काढला ईषय. तुमी कामाचं बोला. खिशात काय हाय तुमच्या? आवं लाजू नका. दारात आलात तवाच वास आला मला. वर वेलदोडा, आन् खाली त्यो. एक्केचाळीस दिवस सोडलेल्या मानसाला फसवायचं न्हाई, शिकारी कुत्र्यावानी नाक झालंय माझं. पाटी गोजाबाईची हाय, रूम माझ्या नावावर हाय. पाटीचं मी बघतो. तुमी फकस्त साडेतीनच्या सुमाराला गच्चीवर येत जा, बाकी माझी येक अट न्हाई. रविवारी मातर न्हाई. रविवार सोडून. सदरा बी मी वेगळा ठेवनार हाय, ठरवलंय मी — वरचा सदरा वरच, खालचा खाली, हात साबनानं धुवायचे. सगळा ईचार केलाय. काढा बघू. — हां. बघा. म्हनलं नव्हतं?

पन मंग खोटं का बोललात? पाटी तर तुमी बसल्यावर वाचली. आल्या आल्या, मी विचारायच्या आत, 'मी ओढत नाही काका' म्हनलात. कुनी पढवून पाठवलं?

कोन?

धम्मपालनं. तुमच्याच लाईनला हाय व्हय त्यो. बरा हाय का? पत्ता त्यानंच दिला. आन् काय म्हनला? न्हाई, सांगा, मी रागवायचो न्हाई. काका मानूस चांगला हाय म्हनला. असं म्हनला? — आन्? पाकीट काढू नको म्हनला त्यांच्यासमोर. काकांनी नातीसाठी सोडलीय, लई जड जातंय त्यांना. गच्चीवर तर अजिबात वढू नको म्हनला.

असं म्हनला.

…भोंगा झाला. ऐकला? बघा, गेला हात खिशात. बडीशेप हाय. घ्या. न्हाई, ते पाकीट ठेवा आत. ठेवा म्हनतोय ना. आन् उठा तुमी. न्हाई, तुमचं काय चुकलं न्हाई, पन ही रूम तुमाला मिळनार न्हाई. पुढं शाळंच्या मागं सोपानदादा म्हनून हायत, त्यांच्याकडं दोन खाली हायत्या, माझं नाव सांगा. — धम्मपालला काय सांगू म्हनता? कायबी सांगू नका. रूम रिकामी हाय तेवढं सांगा. न्हाई, ते बी नको. त्याचा नंबर असंल ना तुमच्याकडं? हितं लिहून द्या. माझा मी बोलीन. आधी रविराजला बोलतो, परवा यायच्या आत. मंग सई येती का न्हाई, ते त्याच्या हातात.

जा आता. फाटक वढून घ्या जाताना, कुत्री शिरत्यात.

— अगं ए, ऐकलं का? मोटर बंद कर. टाकी भरून वाहतीय. न्हाई, मी न्हाई जानार वर बघायला.