वाटपाचं रजिस्टर

—नाही नाही, तिथं नको बसू, त्या खुर्चीचा पाय हलते, इकडं दिवाणावर बस. अश्विनी न तू? नवीन मॅडम? हाव, मोरेश्वर चपराशी काल सांगून गेला — बाई, शाळा नव्या इमारतीत चालली, लायब्ररीचा चार्ज आता तरी देऊन टाका म्हणे. आता तरी म्हणजे काय? मी काय चोरून बसली का पुस्तकं? सहा वर्षं झाली रिटायर होऊन, चार आलमाऱ्यांच्या चाब्या माझ्या कमरेला आहेत, कारण त्या घ्यायला कोणी आलंच नाही — म्हणजे आले होते दोनदा, एकदा माझी तब्येत बरी नव्हती, आणि एकदा… जाऊ दे. चहा ठेवू? नाही काऊन? घे न बापा, शाळेत कोण पाजते तुला.

तो भिंतीवरचा कागद पाहून राहिली का? वाच, मोठ्यानं वाच. ‘तेहतीस वर्षांत एकही पुस्तक गहाळ नाही.’ खाली सही, शिक्का. जिल्हा छिंदवाडा होता तेव्हा, आपला पांढुर्णा वेगळा जिल्हा व्हायचा होता. आणि कोणाला मिळाला हा कागद? पाणी पाजणारीला! हाव, याच शाळेत माठ भरायची मी, सातवी नापास. मग बाहेरून मॅट्रिक केलं, लायब्ररीची परीक्षा काढली, पोरगी कडेवर घेऊन — तेव्हा कुठं बड्या सरांनी, म्हणजे हेडमास्तरांनी, चाबी दिली, तीही नाक मुरडून. आणि पहिल्याच महिन्यात एका पोराला पुस्तक दिलं, त्यानं बैलबंडीत विसरलं, गेलं; किंमत मी भरली, म्हणून ते या कागदात नाही. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला, साऱ्या शाळेसमोर बडे सर काय म्हणाले माहीत आहे? — माठ सांभाळणारीच्या हाती आलमारी दिली की असंच होते. पोरं हसली. मास्तर हसले. मी म्हटलं, ठीक आहे, पुन्हा हरवून दाखवा. नाही हरवलं. हरवणार कसं? आलमारीच्या बाहेर निघालं तर हरवेल न — म्हणजे, जपून द्यायची मी. फार जपून.

आता विचार मोहल्ल्यात कोणालाही. बायकांचे सरकारी फॉर्म कोण भरते? विजयमालाबाई, म्हणजे मी. दादारावाच्या सुनेला सही करायला कोणी शिकवलं? शनिवारी जामसांवलीला मारुतीच्या देवळात चपला सांभाळायची सेवा करते मी, टोकन देते, एकाची चप्पल दुसऱ्याला गेली नाही आजवर. मृणाल माझी, नागपूरला असते, रोज फोन — आई, दे ती चाबी आणि ये इकडं, दोन तासांची गाडी आहे. दोन तासांची आहे, मला माहीत नाही का? तीनदा पिशवी भरली. एकदा तर स्टेशनवर गेली, गाडी लागली, लोक चढले, आणि मी आपली बाकावर बसून — चार्ज द्यायचा तर आलमाऱ्या उघडाव्या लागतात न. रजिस्टर दाखवावं लागते.

ए, ते कशाला उचललं? ठेव. ठेव म्हणते न! ते वाटपाचं रजिस्टर आहे, ते शाळेचंच आहे, मी घरी आणलं, हो. पाहा मग, पाहून घे. सारं व्यवस्थित आहे, पोराचं नाव, वर्ग, पुस्तक, कोणत्या तारखेला नेलं, कधी आणलं. मयूरनं पंधरा दिवस उशीर केला, तेही लिहिलं.

काय पाहून राहिली इतकं जवळून?

…हो. शाई एकच आहे.

एकोणनव्वद सालात जेल पेन कुठं होता, हे तर मला सुचलंच नाही. बघ, एवढी शिकली, आणि इथं अडली.

कोरं होतं ते. त्या पहिल्या पुस्तकानंतर तेहतीस वर्षं कोरं. पोरं मधल्या सुट्टीत खिडकीशी यायची — बाई, ते ताऱ्यांचं पुस्तक द्या न, बाई, ते वाघाचं — मी म्हणायची, नंतर या. नंतर म्हणजे कधी? कधीच नाही. आणि मी आत, दार लावून, एकेक पुस्तक वाचायची. सारी वाचली. दोन हजारांवर. मी शिकली ती तिथंच शिकली, अन् त्यांना… मागं जामसांवलीला त्या खिडकीशी येणाऱ्या पोरांतला गौतम भेटला, ट्रक चालवते आता, केस पिकले. चप्पल ठेवता ठेवता म्हणते, बाई, त्या ताऱ्यांच्या पुस्तकात काय होतं हो? मी सांगायला लागली, पहिल्या पानापासून. मागं रांग खोळंबली, लोक ओरडून राहिले, मी सांगतच राहिली. त्यानं ऐकलं सारं. मग टोकन घेतलं अन् दर्शनाला गेला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून रोज दुपारी हे रजिस्टर भरत बसते. जुन्या हजेऱ्या आहेत माझ्याजवळ, आणि कोणी काय मागितलं होतं ते सारं आठवते मला, एकेकाचं. पहिलं गौतमलाच दिलं. आठ दिवसांनी परत केलं त्यानं, पान न् पान साबूत.

काय म्हणते? नवीन रजिस्टर घेऊ, कोणाला समजणार आहे? मला समजते न, पोरी! आणि तू तो चार्जचा कागद पुढं नको करू, मी सही नाही करत. आज नाही. चार्ज तुला दिला तर यांना पुस्तकं कोण देईन? नव्याण्णवची आठवी तशीच उभी आहे खिडकीशी, बेचाळीस पोरं. तू जा आता. मला बसू दे. दार ओढून घे जाताना.