जनाबाई येईपर्यंत थांबलेलं लग्न

अहो, टीव्हीला काय लावायचं यावर आमच्या किन्हवलीच्या घरात आठवडाभर वाद चालला होता. आमचे हे म्हणत, साधा अँटेना लावू, बातम्या फुकटात दिसतात. मुलाला डिश हवी होती. मला शेजारच्या सुशीलासारखी केबल चालली असती. सासूबाईंची अट एकच, "माझी जनी म्हशीची धार काढून येईतोवर मालिका थांबली पायजे."

जनाबाई त्यांची लहानपणची मैत्रीण. धारेपायी जनाबाईंची रोज अर्धी मालिका बुडायची.

आम्ही हसलो, पण मुलाने खरंच रेकॉर्डिंगवाली डिश आणली. चालू कार्यक्रमसुद्धा बटण दाबलं की थांबतो, पुन्हा दाबलं की तिथूनच पुढे सुरू होतो.

पहिल्याच संध्याकाळी मालिकेत लग्न. नवरीने हार उचलला आणि सासूबाईंनी बटण दाबलं. हार हवेतच राहिला. जनाबाईंचा पत्ता नाही. आम्ही सगळे त्या हाराकडे बघत बसलो.

तेवढ्यात कुंपणापलीकडून सुशीला ओरडली, "काकू, बघितलं का गो? नवरा पळाला!"

सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. "मी काय नाय ऐकलं!"

जनाबाई धापा टाकत आल्या. "झालं का गो लगीन?"

"तुझ्याबिगर कसं होईल? बस."

बटण दाबलं, नवरा पळाला. "अगो बाय!" दोघी एकदमच किंचाळल्या, सासूबाई जरा जास्तच मोठ्याने.

मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "उद्यापासून सुशीलेला इथंच बसव. तिच्या केबलला थांबायचं कळत नाय."