चादरीचं दुसरं टोक

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपल्या रुग्णालयाचे अधीक्षक साहेब, व्यासपीठावरच्या मेट्रन बाई, ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण जमलो त्या सत्कारमूर्ती मावशी, त्यांचे यजमान, आणि वॉर्डातली कामं जरा बाजूला ठेवून आलेल्या बंधू-भगिनींनो,

मी धुलाईघराचा मुकादम. पाठीमागे मला सगळे 'रडतराऊत' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. हसू नका, पुढच्या रांगेतलेही म्हणतात! आणि खोटं काय त्यात? वाफ, उकाडा, वरून सिस्टरांचे फोन, 'उशीचे अभ्रे कमी आले.' आमच्याकडे कुरकुर केल्याशिवाय मशीनसुद्धा सुरू होत नाही.

अशा ठिकाणी मावशी अठ्ठावीस वर्षं आनंदात राहिल्या. मोठी चादर घडी करायला दोघं लागतात. दोन टोकं धरायची, ताणायची, मग चालत एकमेकांजवळ यायचं. टोकं जुळली की मावशी हळूच म्हणायच्या, "प्रभू, हिच्यावर जो निजेल त्याला आराम पडू दे." प्रत्येक चादरीला! मी एकदा म्हटलं, "मावशी, तुमच्या प्रभूला आधी बॉयलर दुरुस्त करायला सांगा." त्या म्हणाल्या, "सांगितलंय रे. तो ऐकतो, इंजिनिअर ऐकत नाही."

मला वाटायचं, हा आनंद वरवरचा. संकट आलं की उतरेल.

संकट आलं, आणि तिथेच माझं पुढचं बोलणं अवघड होतं. नऊ वर्षांपूर्वी ऐंशी पांढऱ्या चादरी गरम पाण्यात गुलाबी झाल्या. कुणीतरी त्यांत नवं लाल ब्लँकेट टाकलं होतं. तेव्हाच्या अधीक्षकांनी विचारलं, आणि मावशींच्या नावावर ठपका आला. मुकादमी त्यांना मिळणार होती, ती मला मिळाली.

दुसऱ्या दिवशी चादरीची टोकं जुळली आणि मावशी म्हणाल्या, "प्रभू, हिच्यावर निजणाऱ्याला आराम पडू दे, आणि हिचं दुसरं टोक धरणाऱ्यालाही." दुसरं टोक माझ्या हातात होतं.

त्याच आठवड्यात दुपारी कपड्यांच्या कोठीत त्या रडताना दिसल्या. मी म्हटलं, "काय मावशी, संपला का आनंद?" किती हलकट माणूस होतो मी, बघा. त्या डोळे पुसत म्हणाल्या, "घरी सांगून बसले होते रे, मी मुकादम होणार म्हणून. रडू आलं, रडले. येशू काय, रडणाऱ्याला सोडून जातो? तो इथेच आहे, म्हणून तर मोकळी रडते. माझा आनंद तू दिलेला नाहीस, तेव्हा तुला नेताही यायचा नाही."

'तुला' म्हणाल्या त्या. त्यांना माहीत होतं. मशीन रिकामं करताना ब्लँकेट त्यांनीच काढलं होतं, आणि मशीन मी भरलंय हे त्यांनी पाहिलं होतं.

होय, अध्यक्ष महोदय. ब्लँकेट मी टाकलं. भरताना बघितलं नाही, आणि नंतर नाव त्यांचं सांगितलं. नऊ वर्षं मावशी चादरीचं एक टोक धरून माझ्यासाठी प्रार्थना करत राहिल्या आणि दुसरं टोक धरून मी गप्प राहिलो. एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाकडे अवाक्षर काढलं नाही. उद्या त्या जाणार, सेवापुस्तकात तो ठपका घेऊन. तो खोडून माझ्या पुस्तकात लिहावा, अशी हात जोडून विनंती आहे. अर्ज लिहून आणलाय, सही केलीय. मुकादमी गेली तरी चालेल. आज पहिल्यांदा माझ्याकडे कुरकुरीला काही नाही.

मला बोलू दिलंत, त्याबद्दल अध्यक्षांचे आणि आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सभेने पोटात घालावं. नऊ वर्षांपूर्वीची माफी मात्र मी सभेकडे मागत नाही. ती, मावशी, तुमच्याकडे मागतो, तुमच्या यजमानांसमोर.

अहो मावशी, तुम्ही कशाला उठलात? बसा, मीच येतो खाली.